टँकरच्या वेळेखालचं इंग्रजी

गोखिवऱ्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये जिन्याखाली एक काळा फळा टांगलेला होता. तो टँकरसाठी होता. नव्वदनंतरची ती वर्षं. वसईत बिल्डिंगा आधी उभ्या राहिल्या आणि पाणी मागाहून येणार होतं. टँकर कधी येईल, टाकीतलं पाणी किती वाजता सोडतील, हे त्या फळ्यावर लिहिलेलं असे. जिना चढताना-उतरताना प्रत्येक बाई आधी तिकडे बघायची, देवळापुढून जाताना बघावं तसं.

मग सोसायटीला नवा सेक्रेटरी मिळाला. मुंबईत कुठल्याशा कंपनीत हेडक्लार्क होता. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्याने फळ्याच्या मधोमध एक रेघ मारली. रेघेच्या वर टँकर, खाली इंग्रजी. रोज सकाळी कामाला निघताना तो खाली एक इंग्रजी वाक्प्रचार लिहायचा आणि पुढे त्याचा मराठी अर्थ. त्याला तो ‘इडियम’ म्हणायचा. बिल्डिंगमधली माणसं काही कोकणातली, काही घाटावरची, बाकीची मुंबईच्या खोल्या विकून आलेली. सगळ्यांना वाटायला लागलं की आपली सोसायटी आजूबाजूच्या सोसायट्यांपेक्षा वरची झाली. पाणी तेवढंच यायचं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अर्धं आयुष्य गिरीजच्या वाडीत गेलं, केळी, नारळ आणि भाजीच्या वाफ्यांत. नवरा गेल्यावर वाडी दिरांनी सांभाळली, मुलाने इकडे फ्लॅट घेतला आणि मी त्याच्याबरोबर आले. इंग्रजी मला येत नाही आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण अर्थ मराठीत लिहिलेला असे, तो मला वाचता यायचा. त्यामुळे त्या माणसाचं शहाणपण मी वर्षभर रोज वाचलं, आणि सांगते, एवढा मूर्खपणा मी एका जागी कधी वाचला नव्हता.

एकदा लिहिलं होतं, पाण्याबाहेरचा मासा म्हणजे परक्या ठिकाणी अवघडलेला माणूस. मासा पाण्याबाहेर अवघडत नाही. मरतो. बाजारात कोळणीच्या टोपलीजवळ जरा वेळ उभं राहिलं असतं तर कळलं असतं. एकदा लिहिलं, केकचा तुकडा म्हणजे अगदी सोपं काम. गिरीजला आमच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब होतं. नाताळच्या आधी त्या घरची बाई मोठ्या टोपात अंडी आणि साखर फेटत बसायची. हात भरून आले की सुनेला बसवायची, सून दमली की मुलीला. ते सोपं काम असेल तर अवघड काय ते मला बघायचंय. एकदा लिहिलं, पाय गार पडणं म्हणजे आयत्या वेळी घाबरणं. पहाटे उठून पाटाच्या पाण्यात उभं राहून आम्ही केळीला पाणी दिलं. पाय गारच असायचे. घाबरायला वेळ नव्हता.

हे मी मनात ठेवत नसे. सेक्रेटरी भेटला की तोंडावर बोलायची. एकदा कुत्री-मांजरं पडतात म्हणजे मुसळधार पाऊस, असं लिहून तो खडूचे हात झटकत होता.

“हे कुणी बघितलं?” मी विचारलं.

“काय, आजी?”

“कुत्री पडताना.”

तो हसला. “आजी, आपल्याकडे मुसळं पडतात ते चालतं का तुम्हाला?”

“मुसळ सरळ खाली येतं. मांजर येतं का सरळ?”

शेजारी उभ्या असलेल्या दोघी-तिघी हसल्या. तोही हसला, पण त्याला लागलं. जाता जाता म्हणाला, “तुमच्याशी बोलायचं म्हणजे फुल टाइम जॉब आहे.” तोही इडियमच असावा.

फळा काही मोठा नव्हता. ज्या दिवशी टँकर दोन यायचे किंवा पाणी दोनदा सोडायचे, त्या दिवशी वरचा मजकूर वाढायचा आणि खालच्या इंग्रजीला जागा उरायची नाही. मग सेक्रेटरी अर्थ कापायचा. इंग्रजी पूर्ण लिहायचा, ते कापणं त्याच्या जिवावर यायचं, मराठी तेवढं कापायचा. असाच एक दिवस ‘व्हाइट एलिफंट’ आला. त्याचा खरा अर्थ, पोसायला डोईजड आणि उपयोग काही नाही अशी मोठी वस्तू. जागा उरली होती दोन-तीन शब्दांची. त्याने लिहिलं, ‘फार मोठी वस्तू’. बायकांनी तेवढंच वाचलं आणि तेवढंच पाठ केलं. माझ्या सुनेनेही केलं.

माझी सून रत्नागिरीकडची. मराठी शाळेत दहावी झालेली. कामाला चलाख, बोलायला त्याहून चलाख. भाजीवाल्याला तिने कधी पुरं बोलू दिलं नाही. मला एकच नात आहे, ती तेव्हा तीन वर्षांची होती. सुनेच्या मनात होतं की मुलीला पश्चिमेकडच्या नन्सच्या शाळेत घालायचं. इंग्रजी माध्यम, पिनाफोर, टाय, सगळं. मुलगा म्हणाला, इथली मराठी शाळा काय वाईट आहे? त्यावर ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. फॉर्म आणून भरला.

तेव्हा या शाळांत मुलांबरोबर आईबापांचीही मुलाखत घ्यायचे. पहिल्या मजल्यावरच्या बाईने सुनेला घाबरवून सोडलं. तिच्या भावाच्या मुलाला घेतलं नव्हतं म्हणे, कारण आईला इंग्रजी आलं नाही. “बाप काय बोलतो ते बघतच नाहीत गं,” ती म्हणाली. “आईच्या तोंडाकडे बघतात. घरी अभ्यास आईच घेणार ना? आई गप्प बसली की मुलाचा फॉर्म बाजूला.”

सून रात्रभर कूस बदलत होती. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीकडे गेली.

त्या माणसाला एवढा मान आयुष्यात कुणी दिला नसेल. रोज कामावरून आला की कपडे बदलून आमच्या हॉलमध्ये यायचा, चहा घ्यायचा आणि शिकवायचा. वाक्यं जुळवायला शिकवलं नाही. ‘माझी मुलगी तीन वर्षांची आहे,’ एवढं इंग्रजीत सांगायला शिकवलं असतं तर मी गप्प बसले असते. पण ते त्याला हलकं वाटायचं.

“वहिनी, साधं इंग्रजी रिक्षावालासुद्धा बोलतो,” तो म्हणायचा. “मध्ये एक इडियम टाकला की समोरच्याला कळतं, घर शिकलेलं आहे. तुम्ही फळ्यावरचे पाच-सहा पक्के करा. प्रश्न कुठलाही आला तरी त्यातला एक बसतोच.”

“आणि नाही बसला तर?” मी आतून विचारलं.

“बसवायचा, आजी.”

बाईला अजून दार कुठे आहे ते माहीत नाही आणि हा तिला तोरण लावायला शिकवत होता.

सून भाकरी थापताना ते घोकायची. तव्यावर भाकरी आणि तोंडात ब्रेड अँड बटर. ब्रेड अँड बटर म्हणजे पोटापाण्याचा धंदा. ॲपल ऑफ माय आय म्हणजे डोळ्यांत तेल घालून जपावी अशी लाडकी. वन्स इन अ ब्लू मून म्हणजे क्वचित. आणि तो हत्ती. नात ते ऐकून ऐकून बोलायला लागली. तिला ते गाणं वाटायचं.

मुलाखतीच्या दोन दिवस आधी तालीम झाली. सेक्रेटरी खुर्चीवर बसून सिस्टर झाला. माझा मुलगा आणि सून समोर पाटावर.

“नाऊ, मिसेस,” सेक्रेटरी घसा खाकरून म्हणाला, आणि पुढे इंग्रजीत काहीतरी लांबलचक.

सून माझ्या मुलाकडे बघायला लागली.

“त्यांच्याकडे नाही बघायचं, वहिनी! माझ्याकडे. स्माइल.”

तिने दात दाखवले. “इंग्लिश इज अवर ब्रेड अँड बटर.”

“व्हेरी गुड!”

मी आतून बाहेर आले. “अहो, तुम्ही तिला काय विचारलं?”

“मुलीचं नाव विचारलं होतं,” माझा मुलगा म्हणाला.

सेक्रेटरीने हात हलवला. “ते जमेल. कॉन्फिडन्स महत्त्वाचा.”

“मी एक सांगू?” मी म्हटलं. “त्या शाळेतल्या सिस्टर आपल्याच गावांतल्या आहेत. कुणी गिरीजच्या, कुणी निर्मळच्या. घरात मराठीच बोलतात. त्यांची बोली वेगळी आणि माझी वेगळी, पण मराठीच. सरळ मराठीत बोल की.”

सेक्रेटरी माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिला, जणू मी काही विनोद केला आणि तो त्याला कळला नाही. “आजी, अहो, ते ख्रिश्चन आहेत.”

“मग?”

“मग त्यांची मातृभाषा इंग्लिश असणार ना.”

हा माणूस दोन वर्षं वसईत राहत होता. त्याच्या दाराशी रोज पाव घेऊन येणारा ख्रिस्ती होता. त्याच्याशी तो कुठल्या भाषेत भाव करत होता कोण जाणे. बाहेरून इथे येणाऱ्या सगळ्यांची ही एकच समजूत. गळ्यात क्रूस दिसला की हे आपले येस-नो करायला लागतात. गिरीजच्या बाजारात माझ्यासमोर अशांनी ख्रिस्ती म्हाताऱ्यांना ‘हाऊ मच’ विचारलंय आणि म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडून दुप्पट पैसे घेतलेत. बरोबर केलं.

“आणि वहिनी, एक लक्षात ठेवा,” सेक्रेटरी आवाज खाली आणून म्हणाला. “त्या मध्येच मराठीत बोलतील. तो सापळा असतो. आई मराठीवर घसरते का, ते बघतात. त्यांनी मराठीत विचारलं तरी आपण इंग्रजीतच उत्तर द्यायचं.”

सुनेने मान डोलावली. माझं ऐकायला तिला काही कारण नव्हतं. मी चौथी पास. तो हेडक्लार्क.

मुलाखतीला मलाही जावं लागलं. नात परक्या ठिकाणी माझा पदर सोडत नसे. बाहेरच्या बाकावर सात-आठ आया बसल्या होत्या. सगळ्यांचे ओठ हलत होते आणि आवाज कुणाचाच येत नव्हता. बाप भिंतीला टेकून उभे होते. एका बापाने आपल्या बायकोला विचारलं, “पाणी आणू?” तर ती त्याच्यावर खेकसली, “बोलू नको, विसरेन!”

आमचं नाव पुकारलं. आत टेबलामागे एक म्हातारी सिस्टर होती. माझ्याच वयाची असेल. जाड भिंगांचा चष्मा, पांढरे कपडे, हात मात्र शेतातल्या बाईचे. तिने पहिल्यांदा इंग्रजीत मुलीचं नाव विचारलं असावं, कारण सुनेने नाव सांगितलं. ते बरोबर झालं. मग सिस्टर सुनेच्या चेहऱ्याकडे जरा बघत राहिली आणि म्हणाली, “मराठीत बोललात तरी चालेल हं. घाबरू नका.”

माझी सून ताठ झाली. सापळा दिसला तिला.

“थँक यू, सिस्टर,” ती म्हणाली. “इंग्लिश इज अवर ब्रेड अँड बटर.”

“असं?” सिस्टरने माझ्या मुलाकडे बघितलं. “तुम्ही काय करता?”

“कापडाच्या मिलच्या ऑफिसात आहे,” मुलगा मराठीतच म्हणाला. त्याची तालीम झाली नव्हती.

“दिवसभर घरी मुलीकडे कोण बघतं?” सिस्टरने सुनेला विचारलं. साधं, स्वच्छ मराठी. त्यात वसईचा हेल होता, माझ्या कानाला ओळखीचा.

सुनेने माझ्याकडे हात केला. “माय मदर-इन-लॉ. शी इज व्हाइट एलिफंट ऑफ अवर हाऊस.”

माझा मुलगा जमिनीकडे बघायला लागला. सिस्टरने चष्मा काढला, पदराच्या टोकासारखं काही सापडतं का ते बघितलं, मग रुमालाने पुसला आणि पुन्हा घातला. तोंड तिने आवळून धरलं होतं. मला मदर-इन-लॉ तेवढं कळलं. माझं कौतुक चाललंय असं वाटून मी सरळ बसले.

“बरं,” सिस्टर म्हणाली. “मुलगी वरचेवर आजारी पडते का?”

“वन्स इन अ ब्लू मून.”

हे बसलं. मुलाने मान वर केली. पण माझ्या मांडीवरच्या नातीला मराठी कळत होतं. तिने उजवा हात पुढे केला आणि सिस्टरला दाखवला.

“मला इथे सुई लावली होती. मोठ्या दवाखान्यात,” ती म्हणाली. “डॉक्टर इंग्लिश बोलले. मग मम्मी बाहेर जाऊन रडली.”

सिस्टर सुनेला म्हणाली, “का गं रडलीस?”

तिने एकेरीत विचारलं, म्हणून असेल. किंवा घोकलेलं सगळं संपलं होतं, म्हणून. सून थोडा वेळ ओठ हलवत राहिली. मग मराठीत म्हणाली, “मला कळलंच नाही, सिस्टर, ते काय म्हणाले ते.”

मग तिला थांबता येईना. गेल्या पावसाळ्यात मुलीच्या छातीत कफ झाला होता, तेव्हा मुलगा कामावर होता आणि ती एकटी तिला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेली होती. डॉक्टर भराभर इंग्रजीत बोलला. ती सगळ्याला येस, येस म्हणत गेली. त्याने काहीतरी विचारलं, त्यालाही येस म्हटलं. मग त्याने कागदावर लिहिलं आणि तो गेला. “मी कशाला हो म्हटलं तेच मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “ऑपरेशनला म्हटलं की काय, असं वाटलं. बाहेर येऊन लादी पुसणाऱ्या मावशींना विचारलं, मावशी, माझी मुलगी वाचेल ना? त्या म्हणाल्या, मला काय माहीत, बाई. बाकी कुठेही माझं तोंड बंद नाही होत. इंग्रजी आलं की होतं. हिचं तसं होऊ नये.”

मला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी घरी आल्यावर तिने मला सांगितलं होतं, डॉक्टर म्हणाले चार दिवसांत बरी होईल. तिने ते बसवलेलं होतं तर.

“डॉक्टरला सांगायचं, मराठीत बोला,” सिस्टर म्हणाली.

“लाज वाटली.”

“हं.” सिस्टरने पेनाचं टोपण लावलं. तिने डोळे पुसले नाहीत की सुनेच्या पाठीवरून हात फिरवला नाही. ते मला आवडलं. “यादी सोमवारी गेटवर लागेल.” मग माझ्याकडे वळली. “तुम्ही कुठल्या?”

“गिरीजच्या.”

“वाडी आहे?”

“दिरांकडे.”

“विहिरीचं पाणी गोडं राहिलंय का अजून?”

“कुठलं? मचूळ झालं. टँकरवाल्यांनी उपसून नेलं.”

“आमच्याकडेही तेच,” ती म्हणाली, आणि पुढच्या माणसांना बोलवायला घंटा वाजवली.

रिक्षात माझा मुलगा सुनेवर घसरला. “एवढं पाठ करून घेतलं त्याने, आणि शेवटी मराठीत रडलीस. आता घाल तिला मराठी शाळेत. तुझ्यासारखीच होऊ दे.” हा मुलगा आधी स्वतः मराठी शाळेत घालू म्हणत होता. मी त्याला त्याची आठवण करून दिली. मग तो माझ्यावर चिडून म्हणाला, “तुला काय म्हणाली ते तरी कळलं का तुला?” आणि त्याने मला हत्तीचा पुरा अर्थ सांगितला.

सून म्हणाली, “आई, शप्पथ, फळ्यावर फार मोठी वस्तू असंच होतं.”

“होतं,” मी म्हटलं. मी वाचलं होतं. मला राग आला तो पोसण्याचा नाही. उपयोग काही नाही, याचा आला. सकाळी पाणी मी भरत होते, मुलगी मी सांभाळत होते, डाळ-तांदूळ मी निवडत होते. इंग्रजांनी हत्तीला कामाला लावलं नाही, ते त्यांचं त्यांनी बघावं.

सोमवारपर्यंत घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. सून सारखी गॅलरीत जाऊन उभी राहायची. तिचं जेवण सुटलं. एकदा मला म्हणाली, “नाही झालं तर हे जन्मभर मला ऐकवतील.” ऐकवलं असतंच. माझा मुलगा आहे तो, मला माहीत आहे.

यादीत नाव लागलं.

का लागलं, ते मला आजही माहीत नाही. मुलगा म्हणाला, आईची आणि सिस्टरची विहिरीची ओळख निघाली म्हणून. पहिल्या मजल्यावरची म्हणाली, रडली म्हणून. त्या बाईला कुणाचंही चांगलं झालेलं रडूनच झालेलं वाटायचं. मला वाटतं, मुलगी वयात बसत होती आणि फॉर्म वेळेवर गेला होता, एवढंच असेल. पण बिल्डिंगचं म्हणणं एकच होतं. सेक्रेटरीने फळ्यावर रेघेच्या वर आणि खाली, दोन्हीकडे अभिनंदन लिहिलं. त्या दिवशी टँकर किती वाजता येणार ते कुणालाच कळलं नाही आणि दोन मजल्यांवरच्या बायका पाण्यावाचून बसल्या. तरी सगळ्या आमच्याकडून पेढे घेऊन गेल्या.

खरं काय झालं ते सुनेने कुणाला सांगितलं नाही. मी विचारलं, तर म्हणाली, “आई, सांगितलं तर म्हणतील हिला येत नव्हतं.” पुढच्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरची सातारची बाई मुलाच्या मुलाखतीची तयारी विचारायला आली, तेव्हा सुनेने तिला समोर बसवून तेच घोकवलं. मी त्या बाईला जिन्यात गाठून सांगितलं, मराठीत बोल. ती गोड हसली आणि म्हणाली, “तुमचं वय झालंय ना, आजी.” तिच्या मुलाला घेतलं नाही. मला काही दुःख झालं नाही.

मग शाळा सुरू झाली आणि वर्षं गेली. बिल्डिंगला नळाचं पाणी आलं. सेक्रेटरी बोरिवलीला मुलाकडे राहायला गेला. नात इंग्रजीत बोलायला लागली, खरं इंग्रजी, भराभर. टीव्हीवरच्या माणसांच्या चुका काढायची. सून तिच्या वह्यांना कव्हरं घालायची आणि आत काय लिहिलंय ते उलटसुलट बघत बसायची. तिला ते कधी आलं नाही. वर्षातून दोनदा शाळेत पालकांना बोलवायचे, तेव्हा माझा मुलगा सुट्टी काढून जायचा.

नात पाचवीत असताना एकदा मुलाला सुट्टी मिळाली नाही आणि सून तिच्याबरोबर एकटी गेली. दुपारी परत आली ती दारातूनच हसत.

“आई, आज काय गंमत झाली सांगू? टीचर मला काहीतरी विचारत होत्या. मी आपली तोंड उघडते न उघडते तोच ही म्हणाली, ‘मम्मी, तू नको बोलूस. मी सांगते.’ आणि काय बोलली हो! फाडफाड फाडफाड. टीचर बघतच राहिल्या.”

“आणि तू?”

“मी काय करणार? बसले गप्प.”

“टीचर काय म्हणाल्या?”

“ते नाही कळलं सगळं. पण हिच्याकडे बघून मान डोलावत होत्या. चांगलंच म्हणाल्या असतील.”

नात सोफ्यावर पाय पसरून बिस्किटं खात होती. बूटही काढले नव्हते. मी तिला विचारलं, “काय गं, काय म्हणाल्या टीचर आईला?”

“तुला नाही कळणार, आजी,” ती म्हणाली. पुढचं बिस्किट घेत तिने आईकडे बोट केलं. “हिलाही नाही कळलं.”

सुनेला केवढा आनंद झाला. “बघितलंत?” ती मला म्हणाली. “कशी बोलते बघितलंत ना?”

मी म्हटलं, बघितलं. म्हटलं, तिला आधी बूट काढायला सांग, मराठीत सांग, आणि तुझ्याशी अशी बोलली तर एक ठेवून दे. पण सून तोवर पर्स खुर्चीवर टाकून शेजारणीला ही गंमत सांगायला गेली होती. दार उघडंच होतं, आणि पॅसेजमधून तिचा आवाज येत होता, “मला म्हणते कशी, मम्मी, तू नको बोलूस!”